नेवीवाल्याले दोर कायले

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता रागावायचीसुद्धा लाज वाटायला हवी. पण मला वाटत नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, तर मी वाईट बोलतच नाही, मी तुमच्याशी भांडते आहे. गोंदियात धान्याच्या दुकानात गल्ल्यावर बसून बसून माझी बोली अर्धी हिंदी झाली, जीभ मात्र मायकडून आली तशीच राहिली. तेव्हा निमूट ऐकून घ्या. आयुष्यात तुम्हाला एक वाक्य बोलायचं होतं. ‘मले पोवता येत नाही.’ बस, एवढंच. शाळेतलं पोरगंसुद्धा न अडखळता बोलेल असं वाक्य. लढाईत मेडल मिळवलेल्या माणसाला ते वेळेवर, नीट तोंडाने बोलता येऊ नये म्हणजे काय म्हणावं? तेव्हाही म्हणत होते आणि आता केस पिकून गळायला लागले तरी तेच म्हणते आहे, काऊन बोलले नाही तुम्ही?

तुम्ही घरी आलात ते स्वातंत्र्याच्या वर्षी. मला तुमचा चेहरा आठवत नव्हता, मी अगदी लहान असताना तुम्ही भरती होऊन गेला होता. कोहमाऱ्याला ट्रकवरून उतरून, काळी पेटी डोक्यावर घेऊन, तुम्ही बांधाबांधाने गावात आलात, आणि मायने मला पुढे ढकललं, ‘जा, बाबा होये तो.’ मी गेले नाही. सगळं गाव अंगणात जमलं होतं, त्या गर्दीत कुठे जायचं? कोणीतरी विचारलं, ‘समुद्र केवढा असते गा?’ तुम्ही म्हणालात, मोठा असते. ‘आपल्या नवेगावच्या बांधाएवढा?’ त्याहून मोठा. ‘म्हणजे दोन नवेगावबांध?’ तुम्ही प्रवासाने दमलेले, भूक लागलेली, आत चुलीवरच्या भाताचा वास येतो आहे. तुम्ही म्हणालात, ‘हो, दोन.’ झालं. दोन नवेगावबांधांएवढ्या पाण्यावर चार-पाच वर्षं राहून आलेला माणूस म्हणून तुम्ही गावाला मिळालात. तिथेच पहिल्यांदा तुम्ही गप्प बसलात, बाबा. मी मोठी झाल्यावर मायने ही गोष्ट इतक्यांदा हसून सांगितली, पण मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. भूक लागली म्हणून माणसाने समुद्राचे दोन तलाव करून टाकायचे का?

त्या दिवसापासून तुम्हाला नावाने हाक मारणारं गावात कोणी उरलं नाही. लहानथोर सगळे ‘नेवीवाले’. मेडल पेटीत होतं. दसऱ्याला विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ पूजेला मांडला की माय ते मेडलही बाहेर काढायची आणि त्यावरच्या इंग्रज राजाच्या तोंडावर हळदकुंकू लावायची. तुम्ही चिडायचात. ‘ते कायले मांडते?’ माय म्हणायची, ‘लढाईचं नोहोय का ते? मंग?’ गावातले झेंडावंदनाला बोलवायचे आणि मग तिथे पंचाईत व्हायची, इंग्रज राजाचं तोंड असलेलं मेडल तिरंग्याखाली लावायचं की खिशात ठेवायचं. तुम्ही खिशात ठेवायचात. तुम्हाला तेच बरं वाटायचं. घरात मात्र तुमची नेवी दोरांमध्ये दिसायची. गाय बांधली की अशी गाठ मारायचात की ती सोडवायला तुम्हीच लागायचे, आणि तुम्ही शेतावर गेलेले असले की माय दावणीशी उभी राहून बोंबलायची, ‘आता गाय सोडाले बी बंबईहून माणूस आनाचा का?’

तुम्हाला पोहता येत नाही हे मला पोळ्याच्या दिवशी कळलं. सकाळी सगळे आपापले बैल धुवायला तलावावर नेतात. बाप्ये बैलाच्या शेपट्या धरून पाण्यात जातात, पोरं पारीवरून, तलावाच्या बांधावरून, उड्या टाकतात, आणि तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहून आमच्या बैलांच्या पाठीवर तांब्याने पाणी ओतताहात. घरचं बाळ न्हाऊ घालावं तसं. मी विचारलं, ‘बाबा, तुमाले पोवता नाही येत?’ तुम्ही आधी इकडेतिकडे पाहिलं. मग हसलात. ‘कोनाले सांगू नको वं.’ मला इतका आनंद झाला की काय सांगू. सगळ्या गावाला जे माहीत नाही ते मला माहीत होतं, आणि ते तुम्ही मला दिलं होतं. मी कोणालाच सांगितलं नाही, मायलासुद्धा नाही. तेव्हा मला वाटलं ही गंमत आहे.

माझ्या सुनेला तुडुम म्हणजे काय ते मला समजावून सांगावं लागलं. तलावाच्या मातीच्या पारीला आतल्या अंगाने पाण्यात दगडाचं बांधकाम उभं असतं, त्याला एकाखाली एक भोकं, प्रत्येक भोकात लाकडाची खुंटी ठोकलेली. धानाला पाणी हवं असलं की खुंटी काढायची, मग पाणी पारीखालून पाटात जातं. वरच्या खुंट्या कोणीही काढेल. खालची काढायला मात्र बुडी मारावी लागते, आणि खुंटी निघाल्याबरोबर भोक माणसाला आत ओढतं. आपल्या गावात हे काम मासे धरणाऱ्या एकाच धिवराच्या घरचं होतं. धिवरकाका नारळ फोडायचा, कमरेला दोर बांधायचा, दोराचं दुसरं टोक पारीवर चौघांच्या हातात, मग तो पाण्यात जायचा. दोर हलला की ओढायचं. पाटात सापडलेली पहिली मासोळी त्याची. गावात असं कित्येक पिढ्या चालत आलं होतं आणि कोणी मेलं नव्हतं.

त्या वर्षी धान निसवला, लोंब्या बाहेर आल्या आणि पावसाने दडी मारली. तलावात पाणी होतं पण खाली, शेवटची खुंटी काढल्याशिवाय पाटात थेंब येणार नव्हता. आणि धिवरकाका तापाने फणफणत खाटेवर. पारीवर सगळे बसलेले, उद्या पाहू, परवा पाहू चाललेलं, तेवढ्यात पाटील म्हणाले, ‘अरे, गावात नेवीवाला बसून आहे आनि तुमी धिवराचा ताप उतराची वाट पाहून राहिले?’ सगळे एकदम हसले. अडलेलं काम सुटलं की माणसं हसतात तसे. कोणीतरी तुम्हाला शेतातून बोलावून आणलं. मी मागोमाग पळत आले. मला वाटलं, आता बाबा सांगतील. तुम्ही पाण्याकडे पाहिलं, पाटलांकडे पाहिलं, आणि अंगातली बंडी काढायला लागलात.

मग मीच ओरडले. ‘पाटील, माझ्या बाबाले पोवता येत नाही!’ पारीवर हशा पिकला. ‘नेवीवाल्याले पोवता येत नाही! मंग बैल बी गवत खात नाही म्हन!’ मी रडकुंडीला आले. ‘दोर तरी बांधा मंग! धिवरकाकाले बांधता तसा दोर तरी बांधा!’ तर पाटील मोठ्या समजुतीच्या आवाजात मला सांगतात, ‘बाई, धिवराले बांधतो आपन दोर. नेवीवाल्याले दोर कायले? इंग्रजाच्या राजानं छातीवर मेडल लावलं त्या माणसाले गोऱ्ह्यासारखा दोर बांधाचा? अपमान होते बापा.’ आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. लबाडी नव्हती बाबा त्यात, हेच तर माझं डोकं फिरवतं. खरंच मान होता तो. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, ‘पोट्टी भेते. जा, मायजवळ जा.’

तुम्ही तुडुमाच्या दगडांना धरून खाली उतरलात, विहिरीत उतरतात तसे, हाताने चाचपत. डोकं पाण्याखाली गेलं. मी पारीवर उभी आहे, दातांत ओढणीचं टोक, आणि माझ्या शेजारचा माणूस विडी पेटवतो आहे. त्याला कसलीच काळजी नाही. नेवीवाला खाली गेला आहे, खुंटी काढेल, वर येईल. मग पाटात पाणी उसळलं आणि सगळे तिकडे धावले. तुडुमाकडे फक्त मी पाहत होते. तुम्ही वर आलात ते दगडांना नखांनी धरून धरून. बोटांतून रक्त येत होतं, ओठ निळे झाले होते. तोवर लोक परतले, डफडं वाजायला लागलं, कोणीतरी मोठी मरळ तुमच्या हातात दिली. ती धरून तुम्ही हसलात. घरी येऊन गोठ्यामागे जाऊन तुम्ही किती वेळ पाणी ओकत होता ते मला आणि बैलांना माहीत.

मी जेवायला बसले नाही. चुलीसमोर माय ती मरळ साफ करते आहे, एकीकडे रडते आहे, एकीकडे विळीवर राग काढते आहे. मी तुम्हाला म्हटलं, ‘मले खोटं पाडलं तुमी. सगळ्याईसमोर.’ तुम्ही पाटावर बसून बोटांना हळद लावत होता. मला वाटलं आता दटावणार. तर तुम्ही खालच्या मानेने सांगायला लागलात, आणि जहाजाबद्दल त्याआधी कधी बोलला नव्हता तेवढं एका बैठकीत बोललात. भरतीच्या वेळी पोहण्याची परीक्षा होती. तुमचा एक सोबती होता, रत्नागिरीकडचा, मासोळीसारखा पोहणारा. तुमचं नाव पुकारलं तेव्हा त्यानेच ‘हजर’ म्हणून तुमच्या नावाची उडी मारली. लढाई चालू होती, माणसं पटापट पाहिजे होती, कोण चेहरे पाहतो. मग दोघं एकाच जहाजावर. तुम्ही खाली बॉयलरपाशी कोळसा टाकायला, तो वर. एक दिवस जहाजावर मारा झाला, आग लागली, खालून पाणी शिरलं, आणि जहाज सोडायचा हुकूम झाला.

‘सगळ्याईनं उड्या मारल्या,’ तुम्ही म्हणालात. ‘मी कठड्याजवळ गेलो. खाली पाह्यलं. पाय उचलेच ना. त्यानं पान्यातून आवाज देल्ला, मार उडी, मी धरतो तुले. मी नाही मारली. आलो तसा खाली गेलो. खाली पायाखाली लोखंड तं होतं.’ खाली पाणी येतच होतं. तुम्ही पाण्याचा वॉल बंद केला, पंप चालू ठेवला, कारण दुसरं करायला काही नव्हतं. जहाज बुडलं नाही. पाय मोडलेला एक साहेब वर डेकवर पडून होता, तो वाचला, आणि त्यानेच वर कळवलं की या माणसाने आगीत आणि पाण्यात जागा सोडली नाही. मी विचारलं, आणि तो रत्नागिरीचा? ‘सापडला नाही,’ तुम्ही म्हणालात. पट्टीचा पोहणारा गेला आणि मेडल तुम्हाला. ‘मेडल लावाच्या टायमाले मी म्हननारच होतो, साहेब, मले पोवता येत नव्हतं म्हून मी थांबलो. पन बँड वाजून राह्यला होता. बँड वाजून राह्यला असन तं कसं बोलाचं?’

मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन, पण जे बोलले ते आजही मागे घेणार नाही. मी म्हटलं, ‘भेऊन थांबले तरी वॉल तं तुमीच बंद केला नं?’ माय विळीवरून उठून म्हणाली, ‘पोट्टी बराबर म्हनते.’ तुम्ही आमच्या दोघींकडे पाहिलं, पण पटलं नाही तुम्हाला. तुमच्या मते त्या मेडलच्या मुळाशी एक भीती होती आणि एक मेलेला सोबती होता, आणि ‘मले पोवता येत नाही’ असं गावात म्हटलं की दोन्ही उघडी पडणार होती. अहो, पडू द्यायची होती! भीती कोणाला वाटत नाही? भ्यालेला माणूस पंप चालवत बसला, त्यात लाजण्यासारखं काय होतं? तेव्हा मला एवढं नीट मांडता आलं नाही. मी फक्त हट्ट धरला की पुढल्या खेपेला सांगायचं. मायने ताट पुढे ठेवलं आणि भातावर हात ठेवून बोला म्हणाली. तुम्ही बोललात. ‘पुढल्या खेपेले सांगतो. सगळ्याईसमोर सांगतो.’ मग मी जेवले.

पण पुढली खेप येईपर्यंत थांबायचं कशाला? हा माझा दुसरा राग. धिवरकाका बरा झाला, तुडुमाचं काम पुन्हा त्याच्याकडे गेलं, आणि तुम्ही निश्चिंत. इकडे गावाने तुम्हाला पाण्याची सगळी कामं लावून दिली होती. विहिरीत बादली पडली, बोलवा नेवीवाल्याले. म्हैस गाळात रुतली, बोलवा नेवीवाल्याले. तुम्ही गळ टाकून बादली काढायचात, दोर लावून म्हैस काढायचात, आणि कोरडे घरी यायचात. मी मागे लागायचे, आज सांगा, दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत पाटील भेटतील तेव्हा सांगा, पाहुणेरावळे असतील, हसतील आणि विसरतील. ‘सांगतो नं.’ कधी? ‘टाइम आला की.’ टाइम आला की! माझं लग्न ठरलं, मी गोंदियाला दुकानवाल्यांच्या घरी पडले, निघताना सगळ्या पोरी रडतात तिथे मी तुमच्या कानात विचारलं, सांगितलं का? तुम्ही म्हणालात, सांगतो वं, तू जा सुखानं.

ज्या पावसात तुम्ही गेलात त्या पावसात गोंदियाच्या रस्त्यांवरूनही पाणी वाहत होतं. निरोप घेऊन आला तो सडक अर्जुनीकडून धान आणणारा ट्रकवाला. पंजाबी होता बिचारा, दुकानाच्या पायरीवर उभा राहून त्याने तीनदा खांद्यावरच्या गमछ्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, ‘बहनजी, घर हो आओ.’ रस्ते तुटलेले, मी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. माय भिंतीला टेकून बसली होती. गाव बोलत होतं. तलाव काठोकाठ भरला, पारीला भेग पडली, तुडुमाच्या सगळ्या खुंट्या काढल्याशिवाय पार टिकत नव्हती, धिवरकाका म्हातारा झालेला, दमेकरी, त्याचा मुलगा दुसऱ्या गावी. तुम्ही पाण्यात उतरलात. वरच्या खुंट्या काढल्या, मग खालची काढली, आणि तुमचा हात भोकात ओढला गेला. पार वाचली. गाव वाचलं, धान वाचला. लोक माझ्यासमोर हात जोडून सांगत होते, बाई, तुमच्या बाबानं गाव वाचवलं. मी पाटलांना एकच विचारलं. ‘दोर होता का?’ ते माझ्याकडे खरोखर न समजून पाहायला लागले. ‘नेवीवाल्याले दोर...’ एवढं म्हणाले आणि तिथेच थांबले. त्यानंतर ते मला जेव्हा जेव्हा भेटले तेव्हा खाली पाहूनच बोलले.

माहेरी मग माझं मन लागेना. मायला गोंदियाला घेऊन आले. तुमच्या गाठी मारलेली दावी कोणालाच सोडवता आली नाहीत, ती कापून गाईबैल विकले. गाठींमध्ये एवढा हुशार माणूस, आणि स्वतःच्या कमरेला एक गाठ मारून घेता आली नाही. मी कितीतरी वर्षं हेच घोळवत होते की तुम्ही शब्द मोडला. भातावर हात ठेवून दिलेला शब्द. तुमचं श्राद्ध करताना, नैवेद्य ठेवताना, तुमच्या आवडीची लाखोरीची डाळ वाढताना माझ्या मनात हेच चालायचं, की खोटं बोलले बाबा. मायलाही मी ते बोलून दाखवायचे. ती म्हणायची, ‘जाऊ दे वं आता.’ का जाऊ देऊ?

मग एकदा आठवडी बाजारात धिवरकाका दिसला. पार वाकलेला, पुढ्यात सुक्या मासोळ्यांची टोपली. मला पाहून रडायलाच लागला. मी त्याच्याजवळ खाली बसले, चहा मागवला. म्हणाला, ‘बाई, दोर माझ्या हातात होता. मी घेऊन आलतो पारीवर. मी म्हटलं बांधतो. तं सगळे माझ्यावरच ओरडले, नेवीवाल्याले दोर कायले म्हने. मी कोन बापा त्याईच्यासमोर बोलनारा?’ मी म्हटलं, आणि बाबा? बाबा काही बोलले नाहीत? तर तो म्हणतो, ‘बोलले नं. नेवीवाले म्हनले, पाटील, मले पोवता येत नाही गा. सगळे हासले. पाटील म्हनले, नेवीवाले, मस्करीचा टाइम नोहोय हा, पार फुटून राहिली. तं मंग ते उतरले.’

बाजारात माणसं माझ्या अंगावरून जात होती आणि मी तशीच मातीत बसलेली. सांगितलं होतं तुम्ही! सगळ्यांसमोर सांगितलं होतं! इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी तुम्हाला शिव्या घातल्या ते वाक्य तुम्ही बोलला होता. मला वाटलं आता माझा राग उतरेल. मी धिवरकाकाला विचारलं, ‘काका, कसं म्हणाले ते? म्हणजे, तोंड कसं होतं?’ त्याने चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाला, ‘हासत म्हनले नं बाई. त्याईची सवयच होती.’

हासत! तुमची हीच सवय, बाबा, तुमच्या जिवावर उठली. हसत सांगितलेलं खरं कोण मानेल? मी तिथे असते तर कदाचित मीही मानलं नसतं. त्या दिवशी तर बँडही वाजत नव्हता. पाऊस पडत होता, पार फुटत होती, माणसं घाबरलेली होती, आणि एक म्हातारा हातात दोर घेऊन तुमच्या शेजारी उभा होता. तुम्हाला फक्त हसायचं थांबून एकदा पुन्हा बोलायचं होतं. नाहीतर तोंडाने नको, हात पुढे करून दोर घ्यायचा होता. तुम्ही शब्द पाळलात असं म्हणू की मोडलात असं म्हणू? मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. धड रागावूही देत नाही तुम्ही. गावाने तुमच्या लेकीवर विश्वास ठेवला नाही तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं असेल कदाचित, आणि त्या दिवशी तुमच्यावरच कोणी विश्वास ठेवला नाही. आपल्या गावाने आपल्या दोघांनाही हसण्यावारी नेलं. फरक एवढाच की मी रडून, ओरडून सांगितलं होतं, तरी त्याचा काही उपयोग झाला नव्हता. ते आठवलं की माझं भांडणच अडून बसतं. कोणत्या तोंडाने सांगितलं असतं म्हणजे लोकांना पटलं असतं, हे मलाही नीट सांगता येत नाही, आणि त्याने मी आणखी चिडते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही. सुनेला दिसलं तर म्हणेल, आई आता मेलेल्यांशी भांडायला लागल्या. काल आपल्या गावची दोन पोरं मोटरसायकलवरून आली होती. पारीवर तुमच्या नावाचा बोर्ड लावणार आहेत, फोटोसकट, पुढच्या पोळ्याच्या आत. मला पत्ता विचारत विचारत आली, चपला बाहेर काढून उभी राहिली, खुर्चीवर बसेनात. त्यातल्या एकाने मोबाईलवरून मजकूर वाचून दाखवला. युद्धात शौर्याचं पदक मिळवलेले, पट्टीचे पोहणारे, गावासाठी पाण्यात उडी घेऊन प्राण देणारे. ‘आजी, तुम्हीच आता सांगू शकता,’ तो म्हणाला, ‘यात एखादा शब्द चूक असन तं सांगा, आम्ही बदलून टाकू.’ साठ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला विचारलं होतं, बाबा. माझं ऐकून घ्यायला दोघं हात बांधून उभे होते. मी तोंड उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, ‘बरोबर आहे बाबू, काही चूक नाही.’ हसत म्हटलं.